एकक नसलेला पाच: नागपूरच्या एका फर्मवेअर चमूने उपकरण-वर्णनाची लेखनपद्धती कशी ठरवली

पार्श्वभूमी

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एक लहान कंपनी काटोल, नरखेड आणि वरुड या संत्रापट्ट्यातील पॅकिंग केंद्रांसाठी शीतखोल्यांचे नियंत्रक बनवते. या शीतखोल्या सौर पॅनेल आणि २४ व्होल्टच्या बॅटरी संचावर चालतात. नियंत्रक खोलीतील तापमान व आर्द्रता मोजतो, बॅटरीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजतो, रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) साहाय्याने पंखे आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करतो आणि प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की भार तोडतो. कंपनीची दोन मॉडेले आहेत. लहान मॉडेल मायक्रोकंट्रोलरवर झेफायर या लहान कार्यप्रणालीसह चालते, तर मोठे मॉडेल टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५८ या प्रोसेसरवर लिनक्ससह चालते. दोन्ही बोर्डांवरील जोडणी बरीचशी सारखी आहे: प्रवाह मोजण्यासाठी आयएनए२२६, तापमान-आर्द्रतेसाठी एसएचटी३१, वेळेसाठी डीएस३२३१ आणि पॅनेलवरील दिव्यांसाठी पीसीएफ८५७४, असे चारही चिप एकाच आयटूसी बसवर (प्रत्येक चिपला स्वतःचा पत्ता असलेल्या सामाईक जोडणीवर) बसवलेले आहेत.

या सर्व उपकरणांचे वर्णन, म्हणजे कोणता चिप कोणत्या पत्त्यावर आहे, कोणता रिले कोणत्या पिनवर आहे, शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी लहान रोध) किती ओहमचा आहे, हे सुरुवातीपासून एका सी हेडर फाईलमध्ये (सी भाषेतील व्याख्यांच्या फाईलमध्ये) लिहिले जात होते. ही फाईल दोन्ही मॉडेलांना सामाईक होती आणि दर नव्या बोर्डागणिक तिच्यात भर पडत गेली. मी या प्रकरणात बाहेरचा तपासनीस म्हणून सहभागी होतो. कंपनीच्या संमतीने, पण तिचे नाव न घेता हे लिहीत आहे.

काय घडले

मोठ्या मॉडेलचा प्रवाह वाढवायचा होता. आयएनए२२६ आपल्या शंटवर जास्तीत जास्त ८१.९२ मिलिव्होल्ट मोजू शकतो. त्यामुळे २ मिलिओहमच्या शंटवर त्याची मर्यादा ४०.९६ अँपिअर येते, आणि शंट ०.५ मिलिओहमचा केला की तीच मर्यादा १६३.८४ अँपिअरवर जाते. हार्डवेअर अभियंता मॅडमनी शंट बदलला, सर्किट डायग्रामवर नवे मूल्य लिहिले आणि फर्मवेअर, म्हणजे नियंत्रकातील सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांना तसे कळवले. इथपर्यंत सर्व ठीक होते.

हेडर फाईलमधील शंटचे मूल्य मात्र पूर्णांकात आणि मिलिओहममध्ये होते. तिथे आधी २ लिहिलेले होते. अर्धा मिलिओहम पूर्णांकात लिहिता येत नाही, म्हणून फर्मवेअर अभियंत्याने तिथे ५ लिहिले, शेजारी ‘दशांश मिलिओहम’ अशी टीप टाकली आणि पडद्यावर प्रवाह दाखवणाऱ्या फंक्शनमध्ये त्याप्रमाणे दुरुस्ती केली. परंतु त्याच मूल्याचा वापर अतिप्रवाह-संरक्षणाच्या फंक्शनमध्येही होत होता, आणि तिथे पाच म्हणजे अजूनही पाच मिलिओहमच होते. त्यामुळे संरक्षणाला खऱ्या प्रवाहाच्या एक दशांश प्रवाह दिसू लागला. मर्यादा १२० अँपिअरची ठेवली होती. ती ओलांडली गेली असे या संरक्षणाला वाटण्यासाठी १२०० अँपिअर वाहावे लागले असते, आणि तेवढे तर हा चिप या शंटवर मोजूही शकत नाही. थोडक्यात, पडद्यावरचा आकडा बरोबर आणि संरक्षण पूर्ण निकामी, अशी अवस्था झाली. क्लॅम्प मीटर लावून पडद्याशी ताळा घेणाऱ्या तंत्रज्ञाला काहीच खटकले नाही, आणि खटकण्यासारखे त्याच्यासमोर काही नव्हतेही. पुढे एका ठिकाणी कॉम्प्रेसर अडकला, प्रवाह वाढला आणि भार तोडला तो फ्यूजने. फ्यूज का उडाला, हे शोधताना हा पाच सापडला.

त्या अभियंत्याला दोष देऊन प्रकरण मिटवणे सोपे होते. व्यवस्थापनाचा पहिला कल तसाच होता, आणि तो मला पटला नाही. एका आकड्याचा अर्थ तो आकडा जिथे लिहिला आहे तिथे न ठरता तो वापरणाऱ्या प्रत्येक फंक्शनमध्ये वेगवेगळा ठरत असेल, तर अशी चूक आज ना उद्या होणारच. म्हणून संपूर्ण हेडर फाईल एकाच प्रश्नाने वाचायची ठरली: सर्किट डायग्राम हातात घेऊन बसलेल्या माणसाला, कोड न उघडता, ही ओळ बरोबर की चूक हे सांगता येते का?

फाईलमध्ये आणखी काय निघाले

बहुतेक ओळींबाबत उत्तर ‘नाही’ असे आले.

आयटूसीचे सगळे पत्ते आठ बिटांत लिहिलेले होते, कारण कंपनीच्या सर्वांत जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या लायब्ररीला ते तसे लागत. डीएस३२३१ चा सात बिटांचा पत्ता ०एक्स६८ आहे (०एक्स म्हणजे पुढचा आकडा षोडशमान, सोळाच्या पायावरचा). शेवटी वाचन-लेखनाचा बिट धरला की तो दुप्पट, म्हणजे ०एक्सडी० होतो. डायग्रामवर ६८ आणि फाईलमध्ये डी०, अशी विसंगती सर्वच चिपांबाबत होती, आणि जुन्या मंडळींना मनातल्या मनात निम्मे करून वाचण्याची सवय झाली होती.

मोठ्या मॉडेलच्या पहिल्या रिलेपुढे ६० हा आकडा होता. डायग्रामवर त्या पिनेचे नाव जीपीआयओ१_२८ असे आहे. एएम३३५८ मध्ये ३२-३२ पिनांचे चार गट असतात, आणि गट व पिना शून्यापासून मोजतात, त्यामुळे क्रमांक १ च्या गटातील क्रमांक २८ ची पिन म्हणजे ३२ अधिक २८, म्हणजेच ६०. हिशोब बरोबर आहे. पण तो प्रत्येक वाचकाने प्रत्येक वेळी का करावा?

त्या रिलेच्या पुढच्या रकान्यात १ होता. हा एक म्हणजे ‘पिन उंच केली (तिच्यावर विद्युतदाब दिला) की रिले लागतो’, की ‘रिलेची दिशा उलटी आहे’? कोड वाचल्यावर कळले की दोन्ही. आधीच्या बोर्डावर रिले ट्रान्झिस्टरमार्फत चालत आणि पिन उंच केली की लागत. नंतर बाजारात सहज मिळणारे ऑप्टोकपलरचे रिले बोर्ड वापरात आले, जे सहसा पिन खाली ओढल्यावर लागतात. तेव्हा फाईलमध्ये दिशा बदलण्याऐवजी ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये) उलट चिन्ह टाकले गेले. दोन ठिकाणच्या उलटापालटीने उत्तर बरोबर येत होते, पण कोणतीही एक बाजू दुरुस्त करणारा माणूस कॉम्प्रेसर बंद हवा तेव्हा चालू करून ठेवणार होता.

शेवटचा प्रकार सर्वांत साधा आणि सर्वांत फसवा. कोणीतरी रकाने नीट जुळावेत म्हणून आकड्यांपुढे शून्ये भरली होती. सी भाषेत शून्याने सुरू होणारा पूर्णांक अष्टमान (आठाच्या पायावरचा) समजला जातो, म्हणून रिलेच्या विलंबासाठी लिहिलेले ०१० मिलिसेकंद प्रत्यक्षात ८ मिलिसेकंद होते. त्याने नुकसान काही झाले नव्हते. व्यवस्थित दिसावे म्हणून केलेल्या गोष्टीने अर्थ बदलतो, ही माहिती मात्र चमूतील निम्म्या लोकांना नव्हती.

पर्याय

तीन पर्याय टेबलावर आले. पहिला, हेडर फाईलच ठेवायची आणि नावे सुधारायची. दुसरा, सर्व वर्णन यॅमल किंवा जेसन या माहिती लिहिण्याच्या स्वरूपात न्यायचे आणि त्यातून पायथनने कोड तयार करायचा. तिसरा, डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन झाडासारख्या रचनेत लिहिण्याची पद्धत, स्वीकारायचे.

पहिला पर्याय फार वेळ टिकला नाही. हेडर फाईलमध्ये कोणता चिप कोणत्या बसवर आहे ही रचनाच दिसत नाही. सगळी उपकरणे एकाच पातळीवर पडलेली असतात, आणि मूल्य चुकीचे आहे असे सांगणारे कोणीही नसते.

दुसऱ्या पर्यायाला तरुण मंडळींचा पाठिंबा होता आणि त्यावर बरीच चर्चा झाली. जेसनमध्ये टीप लिहिता येत नाही आणि षोडशमान आकडाही लिहिता येत नाही. ०एक्स६८ लिहायचे तर ते अवतरणात अक्षरे म्हणून लिहावे लागते, नाहीतर १०४ असे दशमानात. हार्डवेअरच्या वर्णनासाठी एवढ्यावरच तो बाद होतो, असे माझे मत आहे. यॅमल वाचायला सुटसुटीत आहे, टिपा आणि षोडशमान दोन्ही चालतात. परंतु त्याच्या १.१ आवृत्तीप्रमाणे चालणारे वाचक ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ या इंग्रजी शब्दांना, अवतरण नसेल तर, होय-नाही अशी तार्किक मूल्ये समजतात, आणि २२:३० सारखी वेळ साठमानी आकडा समजून तिचे १३५० करतात. १.२ आवृत्तीने हे सुधारले आहे, पण कोणते वाचन-साधन कोणती आवृत्ती पाळते हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. रिलेची स्थिती आणि रात्रीच्या वेळा लिहिणाऱ्या चमूला हे परवडणारे नव्हते. याहून मोठी अडचण अशी, की मोठ्या मॉडेलवरील लिनक्स कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) शेवटी डिव्हाइस ट्री लागतेच. म्हणजे एकाच बोर्डाची दोन वर्णने सांभाळावी लागली असती.

डिव्हाइस ट्रीची पद्धत नवी नाही. तिचे मूळ ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकात आहे. लिनक्समध्ये ती आधी पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी रुळली. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांच्या वर्णनाचा कर्नलच्या कोडमधील पसारा फार वाढल्यावर, २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमनेही हीच वाट धरली. तिचे स्वतंत्र विनिर्देश २०१६ पासून प्रसिद्ध होत आहेत. झेफायरही हेच लेखन वापरते, फक्त फरक असा की लिनक्समध्ये संकलित ट्री बूटलोडरकडून (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडून) कर्नलला दिली जाते आणि चालू होताना वाचली जाते, तर झेफायरमध्ये ती बिल्डच्या (फर्मवेअर बांधण्याच्या) वेळीच सी मॅक्रोंमध्ये, म्हणजे मूल्यांना दिलेल्या नावांमध्ये, रूपांतरित होते. दोन्ही मॉडेलांना एकच लिपी मिळते, हा मुद्दा निर्णायक ठरला.

लेखनाचे नियम कसे ठरले

डिव्हाइस ट्री स्वीकारल्याने लेखन आपोआप स्पष्ट होत नाही, हे मला सुरुवातीलाच सांगावे लागले. त्या लिपीतही ‘<१ २८ १>’ असे लिहून जुन्या फाईलइतकाच अंधार करता येतो. म्हणून कोणत्या गोष्टी कशा लिहायच्या, यावर स्वतंत्रपणे विचार झाला, आणि प्रत्येक वेळी कसोटी तीच होती: डायग्राम समोर ठेवून ओळ पडताळता आली पाहिजे.

पिनांच्या बाबतीत हे लगेच जमले. ‘<&जीपीआयओ१ २८ जीपीआयओ_ॲक्टिव्ह_लो>’ या लेखनात गट, पिन आणि दिशा तिन्ही गोष्टी डायग्रामवर आहेत त्याच नावांनी येतात. इथली दिशा ही तारेची, म्हणजे हार्डवेअरची दिशा आहे. ड्रायव्हरने फक्त ‘लाव’ किंवा ‘सोड’ म्हणायचे आणि विद्युतदाब उंच की खाली हे या एकाच शब्दावरून ठरायचे. ड्रायव्हरमधील उलट चिन्हे त्यामुळे काढून टाकण्यात आली. हे काम सर्वांत जपून, एकेक रिले हाताने लावून बघत करावे लागले. अर्थात हा शब्द संकलकाला (ट्रीचे यंत्ररूप करणाऱ्या साधनाला) येत नाही. आधी सी प्रीप्रोसेसर त्याचा १ करतो आणि मग संकलकाकडे देतो. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने काहीही बदलले नाही; बदल झाला तो फक्त वाचणाऱ्यासाठी, आणि तोच हवा होता.

आकड्यांच्या पायाबाबत या लिपीचा इतिहासच बोलका आहे. तिच्या जुन्या रूपात कोणतेही चिन्ह नसलेला आकडा षोडशमान समजला जाई. पुढे फाईलच्या सुरुवातीला ‘/डीटीएस-व्ही१/;’ लिहिले की आकडे सी भाषेच्या रीतीने वाचायचे, असा बदल झाला. आजच्या फाईलच्या पहिल्या ओळीत दिसणारे ते चिन्ह म्हणूनच शोभेचे नाही. परंतु एक अपवाद राहिलाच: कोनी कंसातील १० म्हणजे दहा, तर चौकोनी कंसातील १० म्हणजे सोळा, कारण चौकोनी कंसात बाइटांची माळ असते आणि ती नेहमीच षोडशमानात लिहिली जाते. चमूने ठरवले की चौकोनी कंस फक्त नेटवर्कच्या मॅक पत्त्यासाठी वापरायचा, इतरत्र नाही. पत्ते षोडशमानात ०एक्ससह, मोजमापे नेहमी दशमानात, आणि पुढे शून्ये भरून रकाने जुळवणे बंद.

नोडच्या, म्हणजे ट्रीमधील एकेका उपकरणाच्या नोंदीच्या, नावाबद्दल थोडा वाद झाला. काहींना चिपचे नाव नोडला द्यायचे होते. विनिर्देशाची शिफारस अशी आहे, की नोडचे नाव उपकरणाच्या कामावरून असावे आणि नेमका चिप ‘कम्पॅटिबल’ या प्रॉपर्टीत (नोडच्या आतील गुणधर्माच्या ओळीत) सांगावा. म्हणून ‘आरटीसी@६८’ आणि त्याच्या आत ‘मॅक्सिम,डीएस३२३१’. यातील @ नंतरचा आकडा ‘रेग’ या प्रॉपर्टीमधील पत्त्याशी जुळला पाहिजे, ही अट आहे. एकच पत्ता दोनदा लिहिणे काहींना निरर्थक वाटले. मला ते उपयोगी वाटते, कारण चेकवर रक्कम अक्षरी आणि आकडी दोन्ही लिहितात त्याप्रमाणे इथे दोन ठिकाणची नोंद एकमेकींना पकडते, आणि न जुळल्यास संकलक इशारा देतो.

अर्ध्या मिलिओहमचा प्रश्न

मूळ दुखणे मात्र एककांचे होते. डिव्हाइस ट्रीमध्ये अपूर्णांक नाहीत. प्रत्येक आकडा पूर्णांक असतो, बहुधा ३२ बिटांचा. मर्यादा वाटावी अशी ही गोष्ट या चमूच्या पथ्यावर पडली, कारण तिच्यामुळे एकक पुरेसे लहान निवडणे भाग पडते. अर्धा मिलिओहम म्हणजे ५०० मायक्रोओहम. दशांशाची पळवाट उरतच नाही. लिनक्सच्या प्रॉपर्टी-नावांसाठी एककांचे ठरलेले प्रत्यय आहेत, जसे मिलिसेकंदासाठी ‘-एमएस’, मायक्रोव्होल्टसाठी ‘-मायक्रोव्होल्ट’, आणि नाव असे संपले की तपासणी-साधनाला मूल्याचा प्रकारही कळतो. कंपनीच्या स्वतःच्या प्रत्येक नव्या प्रॉपर्टीला कंपनीचा उपसर्ग आणि एककाचा प्रत्यय सक्तीचा करण्यात आला.

पण आयएनए२२६ ची प्रॉपर्टी जुनी आहे. तिचे नाव नुसते ‘शंट-रेझिस्टर’ असे आहे आणि मूल्य मायक्रोओहममध्ये द्यायचे असते. ज्या एका आकड्याने हे सगळे घडवले, नेमका त्याच्याच नावात एकक नाही! नाव बदलले तर कर्नलमधील ड्रायव्हर ते ओळखणार नाही. फर्मवेअर प्रमुखांनी सुचवले की ‘मायक्रो_ओहम(५००)’ असा मॅक्रो लिहावा, जो आतला आकडा जसाच्या तसा परत देईल. यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा आक्षेप होता की जो मॅक्रो काहीच करत नाही तो खोटा दिलासा देतो: उद्या कोणी त्याच्या आत ५ लिहिले तर तो अडवणार नाही. आक्षेप वजनदार होता, आणि मला तो निम्मा मान्य आहे. मॅक्रो चूक अडवत नाही हे खरे. पण डायग्रामवर ‘०.५ मिलिओहम’ वाचून या ओळीकडे वळलेल्या मॅडमना ‘मायक्रो_ओहम(५)’ ही चूक दिसते, आणि नुसता ‘५’ दिसूनही दिसत नाही, हे याच प्रकरणाने दाखवले होते. शेवटी मॅक्रो ठेवला गेला आणि अडवण्याचे काम तपासणीकडे सोपवले: कंपनीच्या बोर्डांसाठी शंटचे मूल्य १०० ते १०,००० मायक्रोओहमच्या बाहेर असल्यास बिल्ड थांबते.

हीच युक्ती आरएस-४८५ या संदेशवहनाच्या जोडणीतील विलंबालाही लागू केली, कारण तिथेही ‘आरएस४८५-आरटीएस-डिले’ या नावात मिलिसेकंद दिसत नाहीत.

रूपांतर आणि तपासणी

जुने आठ बिटांचे पत्ते नव्या फाईलमध्ये आणताना एक नमुनेदार प्रसंग घडला, म्हणून तो सविस्तर देतो. संकलकाचे इशारे पूर्ण चालू ठेवले होते, आणि सात बिटांत न मावणारा आयटूसी पत्ता दिसला की तो तक्रार करतो. घड्याळाचा डी०, आयएनए२२६ चा ८० आणि एसएचटी३१ चा ८८ हे तिन्ही ७एफ या सात बिटांतील सर्वांत मोठ्या आकड्याच्या पलीकडचे असल्याने लगेच पकडले गेले आणि निम्मे करून ६८, ४० आणि ४४ झाले. पीसीएफ८५७४ चा जुना पत्ता मात्र ०एक्स४० होता. तो सात बिटांत सहज मावतो, म्हणून तक्रार आली नाही आणि रूपांतर करणाऱ्याने तो तसाच ठेवला. खरा पत्ता ०एक्स२०. आता एकाच बसवर ४० या पत्त्यावर प्रवाहमापक आणि दिव्यांचा चिप, असे दोन नोड झाले. नावे वेगळी असूनही @ नंतरचा आकडा एकच असल्याने ‘हा पत्ता दुसऱ्या नोडनेही वापरला आहे’ हा दुसरा इशारा आला आणि चूक सापडली. प्रवाहमापक नसलेल्या बोर्डावर ती सापडली नसती. म्हणून पत्त्यांची पडताळणी केवळ यंत्रावर न सोडता डायग्रामशी ताळा घेणे सक्तीचे राहिले.

याखेरीज प्रत्येक उपकरणासाठी यॅमलमधील स्कीमा (नियमांचा आराखडा) वापरून ट्री तपासली जाते. विरोधाभास असा की वर्णनासाठी नाकारलेले यॅमल तपासणीसाठी मात्र स्वीकारले गेले. पण तिथे ते मोजकी माणसे लिहितात आणि साधन एकच असते, त्यामुळे आधीचे आक्षेप लागू होत नाहीत.

आज स्थिती अशी आहे की नवा बोर्ड तयार होताना ट्रीची फाईल फर्मवेअरकडून लिहिली जाते आणि त्यावर सही हार्डवेअरची लागते. मॅडम डायग्राम आणि फाईल शेजारी ठेवून ओळीमागून ओळ वाचतात, आणि एका नव्या बोर्डात दोन रिलेंच्या पिनांची अदलाबदल त्यांनी बोर्ड छपाईला जाण्याआधीच काढली. जुन्या हेडर फाईलवर त्यांनी कधी सही केली नव्हती, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती.

एक प्रश्न शिल्लक होता: १२० अँपिअरची मर्यादा कुठे लिहायची? ती ट्रीमध्ये टाकावी असा आग्रह होता, कारण तिथे आता तपासणी आहे. मी विरोध केला. शंट बोर्डावर बसवलेला आहे, तो हार्डवेअरचा भाग आहे. मर्यादा मात्र त्या शीतखोलीतल्या वायरिंगवर आणि कॉम्प्रेसरवर अवलंबून असते आणि एकाच बोर्डासाठी काटोलला एक व वरुडला दुसरी असू शकते. ती स्वतंत्र सेटिंग फाईलमध्ये गेली, एककासह नाव घेऊन. प्रत्येक शंटच्या प्रत्यक्ष मोजलेल्या मूल्याची दुरुस्तीही ट्रीत नाही, ती त्या त्या बोर्डावरील ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) ठेवली जाते. लहान मॉडेलवर ईईप्रॉम नाही. तिथे ही दुरुस्ती तूर्त मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये राखून ठेवलेल्या एका पानावर लिहिली जाते.